मान हलेपर्यंत

अण्णांच्या व्हायोलिनपुढे घरात कुणाचं काही चालत नसे. थोरल्या मुलाने खर्जातला चेलो धरला तो अण्णांनी हातात कोंबला म्हणून, आणि धाकटीने व्हायोलिनहून जरा मोठा, मधल्या आवाजाचा व्हायोला, कारण तिघांत तेवढीच जागा उरली होती. अण्णांचा सगळा जीव रोमँटिक काळातल्या संगीतात. ते उसासे, ते उमाळे, आणि वर रुबाटो! म्हणजे एखादा सूर मनाला येईल तेवढा लांबवायचा आणि चोरलेला वेळ पुढे घाई करून भरून काढायचा. चोरायला अण्णा बहाद्दर, धावपळ मात्र मुलांच्या गळ्यात.

अशा माणसाने धाकटीने निवडलेली आधुनिक रचना मुकाट्याने कबूल केली, तिथेच तिला शंका यायला हवी होती. उद्या ती दुसऱ्या शहरातल्या वाद्यवृंदात जाणार होती. निघण्याआधी एकदा तरी आपल्या आवडीचं वाजवावं, एवढीच हौस. रचना मिनिमलिस्ट शैलीतली: इवलासा तुकडा घ्यायचा, तोच तो घोळवत राहायचा, आणि व्हायोलिनवाल्याने मान झुकवली की सगळ्यांनी पुढचा धरायचा; दुसऱ्याची सुरुवात तेवढी एकट्या व्हायोलाची.

"दळण दळायचं म्हण की," अण्णा म्हणाले. "चालेल. मान मीच हलवणार ना?"

"तुम्हीच, अण्णा."

तिघांच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं. पहिला तुकडा सुरू झाला, छान गुंफला गेला, आणि तिथेच राहिला. धाकटी वाट बघत होती. मनगट भरून आलं, खांदा ठणकू लागला, पण अण्णांची मान काही हलेना.

"म्हातारा झोपला की काय गं?" थोरला चेलोआडून पुटपुटला.

तिने वर पाहिलं. अण्णा टक्क जागे होते आणि तिच्याकडेच बघत होते. तिने भुवया उंचावल्या: पुढे? अण्णांनी मान हलवली खरी, पण आडवी.

म्हणजे ते चुकले नव्हते. हे संपलं की पोरगी जाणार, म्हणून ते संपवतच नव्हते. तिला त्यांची दया आली आणि संतापही आला. लग्नाचं विचारलं तेव्हा "बघू", नोकरीचं विचारलं तेव्हा "बघू". जन्मभर ती या एका मानेकडे बघत बसली होती. आणि हा नियम तर तिने स्वतःच हौसेने घरात आणला होता! मरमर मरून शिकलेला हात आपोआप तेच सूर काढत होता, जणू तो तिचा नव्हताच.

तिने तारांवरून गज उचलला. खुर्ची मागे सरकवली आणि वाद्य घेऊन चालू लागली. थोरल्याचा सूर घसरला, पुन्हा सावरला. लोकांना वाटलं, रचनेतच असेल.

पडद्यामागे ती भिंतीला टेकली. बाहेर दोघं तेच वाजवत होते, मधला आवाज गेल्यामुळे पोकळ लागत होतं. मग एकदम सगळं थांबलं.

तिला न बघताच कळलं. अण्णांनी मान झुकवली होती. दुसरा तुकडा एकट्या व्हायोलाने उचलायचा होता.

बाहेर कुणी खोकलंसुद्धा नाही. तिथूनही वाजवलं असतं तरी ऐकू गेलं असतं. गज हातातच होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

वाजवणं संपल्यावर करतात तसे तिने स्क्रू फिरवून गजाचे केस सैल केले, वाद्य पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.