बसव्याच्या कानावरची पिशवी

मित्रांनो, मी मांजरपाटाची एक जुनी पिशवी आहे. बाजाराला नेतात तसली नाही. माझ्यात भाजी मावणार नाही, पुस्तकही मावणार नाही. माझ्यात मावतो तो फक्त एका वासराचा कान. मला दोन्हीकडे तोंडे आहेत आणि एका तोंडाला ओवलेली नाडी आहे. तुम्ही माझ्यासारखी पिशवी कधी पाहिली नसेल, म्हणून माझी हकीगत सांगते.

माझा जन्म बंगळुरात झाला, नव्वदच्या दशकात. बनशंकरीच्या पलीकडे तेव्हा मोकळी माळराने होती आणि तिथल्या एका पत्र्याच्या घरात यल्लव्वा राहत असे. ती मूळची निपाणीकडची. घरात मराठी बोले, गिऱ्हाइकांशी कन्नड. तिच्या दारात एके काळी तीन संकरित गाई होत्या. त्यांच्या दुधावर तिचे घर चाले. पण दोन गाई गोचीडतापाने गेल्या. गोचीड रक्त पितो आणि पिता पिता तापाचे जंतू अंगात सोडतो. गाय खायचे सोडते, धापा टाकते आणि बसते ती पुन्हा उठत नाही. यल्लव्वाकडे आता एकटी तुंगा उरली होती.

यल्लव्वाचा भाऊ कल्लाप्पा शहराच्या उत्तरेला जनावरांच्या एका संशोधनसंस्थेत गोठ्यावर होता. तिथे नागपूरहून आलेल्या डॉक्टर नीलिमाबाई गोचिडांवर लस तयार करीत होत्या. गोचिडांवर म्हणजे गोचिडांना टोचायची नव्हे. गोचिडाच्या पोटातल्या आतड्याचा अर्क काढून तो वासराला टोचायचा. मग वासराच्या रक्तात त्या आतड्याविरुद्ध लढणारे काहीतरी तयार होते. गोचीड ते रक्त पितो आणि त्याचेच आतडे फाटते. तो अर्ध्या पोटी गळून पडतो, अंडी घालत नाही, आणि पुढची पिढीच खुंटते. परदेशात अशी लस निघाली होती. आपल्याकडच्या गोचिडांसाठी आपली लस हवी, असा बाईंचा ध्यास होता.

पण लस लागू पडली की नाही हे पाहायचे कसे? वासराच्या कानावर गोचीड सोडायचे, ते पळू नयेत म्हणून कानाला पिशवी घालायची आणि रोज नाडी सोडून आत काय गळून पडले ते पाहायचे. दुकानातला शिंपी असल्या पिशव्या शिवायला तयार नव्हता. तेव्हा कल्लाप्पाने बहिणीचे नाव सुचवले. आम्ही सगळ्या पिशव्या यल्लव्वाने शिवल्या. आम्हाला पोचवायला ती स्वतः आली. बाई पैशाचे विचारू लागल्या तेव्हा ती म्हणाली, "पैशाचं ऱ्हाऊ द्या, अक्का. औषद झालं की पयलं माज्या तुंगीला टोचा."

"सरी, यल्लव्वा," बाई हसून म्हणाल्या. बंगळुरात येऊन 'बरं' म्हणण्याएवढे कन्नड त्या शिकल्या होत्या.

सायकलच्या पंक्चरला लावतात तसले सोल्यूशन लावून मला एका तांबड्या वासराच्या कानावर चिकटवले. संस्थेच्या लेखी त्याला नुसता आकडा होता, पण कल्लाप्पा त्याला बसव्या म्हणे. बसव्याला लस टोचलेली होती. शेजारच्या दावणीच्या वासराला टोचलेली नव्हती आणि त्याच्या कानावर माझीच एक बहीण होती. पहिले काही दिवस बसव्याने मला खांबावर घासून घासून बेजार केले. कल्लाप्पा त्याला दटावी, "अरे, शर्ट फाडशील तो. माझ्या अक्कानं शिवलाय." मग तो निवळला.

मित्रांनो, माझ्या पोटात काय चालले होते ते ऐकून तुम्हाला किळस येईल. मलाही आली. शेकडो पायांची वळवळ, रक्ताचा वास, ओला अंधार. पण एके सकाळी बाईंनी नाडी सोडली आणि आत पडलेला एक गोचीड तळहातावर घेतला. तो फुगलेला नव्हता. सुरकुतलेला, काळपट लाल, मनुक्यासारखा होता. शेजारच्या वासराचे गोचीड मात्र एरंडाच्या बियांएवढे टरारले होते. बाई कितीतरी वेळ तो मनुका निरखत राहिल्या. मग त्यांनी कल्लाप्पाला बोलावून दाखवला आणि सांगितले की एक खेप साधली. अशीच दुसरी खेप नीट पार पडली, दोन्ही वासरांचा फरक प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या समितीला डोळ्यांनी पाहता आला, की लस पुढे जाईल. त्या दिवशी माझ्यासारख्या चिंधीला वाटले की आपला जन्म सार्थकी लागला.

दुसरी खेप सुरू झाली. बाईंनी महिनोन्महिने वाढवलेले सगळे गोचीड आमच्यात सोडले. ते पोसू लागले, आणि समितीच्या भेटीचा दिवस ठरला.

संस्थेत कोणी मोठे येणार म्हटले की काय होते ते तुम्हाला शाळेवरून ठाऊक असेल. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, पायऱ्यांना चुना लागतो, एरवी बंद असलेले नळ वाहू लागतात. आमच्याकडे व्यवस्थापक नरसिंहराव होते. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता, एवढेच. भेटीच्या आदल्या दिवशी बाई बंगळुरातल्याच शिवाजीनगरला एका पेंटरकडे गेल्या होत्या. समितीला दाखवायचे मोठे तक्ते तो रंगवीत होता आणि त्याच्यापुढे बसून राहिल्याशिवाय तो काम पुरे करणार नव्हता. नरसिंहराव गोठ्यात आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, सगळा गोठा धुवा आणि जनावरांवर गोचीडनाशक फवारा.

मी कानावरच होते. मला सगळे ऐकू आले. कल्लाप्पाने सांगून पाहिले की बाईंनी औषधाचा थेंबही आणायचा नाही म्हणून बजावले आहे. नरसिंहरावांना ते पटेना.

"बाईंची लस रक्तात आहे ना, अण्णा? मग वरून फवारल्यानं तिचं काय बिघडतं?" ते म्हणाले. "आणि उद्या साहेबांच्या पँटवर गोचीड चढला तर उत्तर तू देणार?"

कल्लाप्पाला चुकते आहे एवढे कळत होते, पण का ते मांडता येईना. बाई येईपर्यंत थांबू या, असे तो दोनदा म्हणाला. त्याला नोकरीची आठवण करून देण्यात आली. मग त्याने पंप पाठीला लावला. बसव्या त्याच्याकडे बघत उभा राहिला. ते दुधी पाणी पाठीवरून, मानेवरून आले आणि माझ्या धाग्याधाग्यात शिरले. माझ्या पोटातली वळवळ हळूहळू थांबली. शेजारच्या कानावरही थांबली. तिथले टरारलेले गोचीड थांबले तसा दोन कानांतला फरक पुसला गेला आणि लससुद्धा थांबली, हे त्या गोठ्यात फक्त आम्हा पिशव्यांना कळले.

संध्याकाळी बाई तक्ते घेऊन परतल्या. त्यांनी माझी नाडी सोडली, मग शेजारची सोडली. नुसत्या वासावरून त्यांना सारे समजले. त्या तिथेच गवताच्या पेंढीवर बसल्या. कल्लाप्पा हात जोडून उभा होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. बाईंनी जे घडले ते स्पष्ट सांगितले. पण अध्यक्षांनी आधी लस टोचलेल्या वासराचा कान पाहिला, मग न टोचलेल्याचा. दोन्ही लखलखीत. ते हसून नरसिंहरावांना म्हणाले, "म्हणजे तुमच्या गोठ्यात लस न टोचताही गोचीड जातात की." सगळे हसले. गोठ्याची मात्र त्यांनी मनापासून तारीफ केली. असा स्वच्छ गोठा दक्षिणेत पाहिला नाही, असे ते म्हणाले. बाईंनी आणखी एक खेप मागितली. गोचीड पुन्हा वाढवायला महिने लागणार होते, आणि मार्चअखेर प्रकल्पाची मुदत संपली. ती कोणी वाढवली नाही.

मला कानावरून ओरबाडून काढले आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवले. तिथे लटकताना मी यल्लव्वाला पुन्हा पाहिले. फ्रीजमध्ये लसीच्या काही बाटल्या उरल्याचे तिला भावाकडून कळले होते. तुंगा गाभण होती आणि माळावर गोचीड माजले होते. बाई गोठ्यात आल्या तेव्हा तिने तेच मागितले, जे तिने पहिल्या दिवशी मागितले होते.

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "ती लस अजून सिद्ध झालेली नाही, यल्लव्वा. बाहेरच्या जनावराला मला टोचता येत नाही."

"बसव्याला टोचली तवा सिद्ध हुती काय?"

नियम होता. तो नियम चांगलाच आहे, मित्रांनो. लसीने काही अपाय झाला असता तर कोण जबाबदार? हे सगळे खरे आहे. यल्लव्वा पदर खोचून चालू लागली. बाटल्या फ्रीजमध्येच राहिल्या आणि त्यांची मुदत तिथेच टळली.

उन्हाळ्यात तुंगाला ताप आला. पुढचे मला कल्लाप्पाच्या तोंडून कळले. बसव्याला वैरण घालताना तो त्याच्याशी बोलत असे. बाई तापाचे औषध घेऊन बनशंकरीला धावल्या होत्या, पण गाय पोटातल्या वासरासकट गेली होती. यल्लव्वाने त्यांना आत बोलावले, बसायला पाट दिला, कॉफी केली. पेला पुढे ठेवताना ती एवढेच म्हणाली, "दूद न्हाई, अक्का. काळीच घ्या."

त्यानंतर बाई नागपूरला परत गेल्या. बसव्या लिलावात विकला गेला. यल्लव्वा जयनगरात कोणाच्या घरी धुणीभांडी करू लागली. लस आमच्याकडे झालीच नाही. गोचीड मात्र अजून आहेत, आणि त्यांच्यावर मारायची औषधे दरसाल जास्त कडक होतात, कारण गोचीड त्यांना सरावतात. ती दुधातही उतरतात, असे म्हणतात.

आणि मी? मला धुऊन, इस्त्री करून संस्थेच्या प्रदर्शनाच्या खोलीत काचेआड ठेवले आहे. शेजारी गोठ्याच्या स्वच्छतेचे प्रमाणपत्र आहे. शाळेची मुले रांगेने येतात, माझ्याकडे बघतात, पुढे जातात.

मित्रांनो, चालू असलेले काम नेहमी थोडे ओंगळ दिसते. त्याला वास येतो, त्यात काही वळवळते. मोठ्या माणसांसाठी ते पुसून टाकण्याआधी, ते काम करणाऱ्याला एकदा विचारा की तुझे काय चालले आहे. त्याला उत्तर देता आले नाही तर थोडे थांबा. या गोठ्यात कोणी थांबले नाही. आता माझ्या आत एकही गोचीड नाही, रक्ताचा डाग नाही. मी अगदी स्वच्छ आहे.