बाजूची सीट

“काका, हा पिवळा दिवा का चालू ठेवलाय?” जावयानं केबिनमधूनच विचारलं.

जावई आमचा नव्हे, गॅरेजवाल्या जुन्या मिस्त्रींचा. मिस्त्रींचे गुडघे गेले आणि गॅरेज त्याच्या हाती आलं. गिऱ्हाइकंसुद्धा त्याला जावईच म्हणतात.

“असू दे तो,” हे बाहेरून म्हणाले. मघापासून पिकअपभोवती ह्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. चाकाला पाय लावून बघ, आरसा पूस, पुन्हा चाक.

मी स्टुलावर पेंगत होते, ती सावध झाले. असू दे? आणि ह्यांच्या तोंडून? खिडक्यांच्या काचा वाहणारा माणूस. कुठं कुरकुर ऐकू आली की गाडी कडेला घेऊन तिच्या पोटाखाली शिरणार. ब्रेकचं ऑइल मुदतीआधी बदलणार, टायरमधली हवा रोज सकाळी बघणार. माझं ब्लडप्रेशर मात्र डॉक्टरांनी बघायचं.

“असू दे कसं? बाजूच्या सीटची एअरबॅग बंद आहे. उद्या धडक बसली तर काकूंसमोर फुगा उघडायचाच नाही. बिघाड नाही हा, कुणीतरी किल्लीनं बटण बंद केलंय.”

“मीच केलंय.”

“बायकोवर एवढा राग?” जावई हसला.

हे हसले नाहीत. फडकं घेऊन पुसलेलाच आरसा पुन्हा पुसायला लागले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

गाडी नवी असताना मी दिवसभर कामावर असायचे आणि आमची लेक छकुली ह्यांच्याबरोबर काचा पोचवत हिंडायची. मागं सीटच नाही, म्हणून तिची छोटी खुर्ची पुढंच बांधलेली, पाठमोरी. गाडी विकणाऱ्यानं बजावलं होतं, फुगा फार जोरात उघडतो, एवढ्याशा जिवाला त्याचाच मार बसेल, खुर्ची असेपर्यंत बंद ठेवा. ह्यांनी तेव्हाच बंद केला. निघण्याआधी खुर्चीचे पट्टे ओढून ओढून बघायचे.

छकुली गेली ती तापानं, घरातल्या अंथरुणावर. गाडीनं तिला ओरखडासुद्धा काढला नव्हता. खुर्ची मी कुणाला तरी देऊन टाकली. बटण मी विसरले. हे नाही विसरले.

मी उठून ह्यांच्याजवळ गेले.

“अहो, त्या सीटवर आता मी बसते.”

“माहितीये मला.”

“मग?”

“मग काय! जपून चालवतो ना मी?”

“तुम्ही चालवता हो. समोरून येणारा चालवतो का?”

हे उगाच जावयावर खेकसले, “नट आवळलेस का नीट? की नुसत्या गप्पा?” मग खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. “तूच कर,” म्हणाले, आणि नळावर तोंड धुवायला गेले.

बटण घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फिरलं.

“आता पट्टा लावल्याशिवाय बसायचं नाही हं काकू,” जावयानं दम दिला. “पट्टा नसला तर फुगाच थोबाडीत मारतो.”

“म्हणजे आणखी एक सासू आली म्हणायची,” मी म्हटलं.

परतताना ह्यांना काही सुचत नव्हतं. काच खाली कर, वर कर. मोकळ्या रस्त्यावर उगाच गिअर बदल. मीही पदर काढत होते, खोचत होते.

वळणावर एक सायकलवाला आडवा आला. ह्यांनी कचकन ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचा एक हात सुटून माझ्यासमोर आडवा झाला. छातीपाशी नाही. बराच खाली, खुर्ची असायची तिथं.

गाडी बंद पडली. सायकलवाला काहीतरी बडबडत निघून गेला. मागं हॉर्न सुरू झाले. हात तसाच.

मी तो थोडा वेळ धरून ठेवला. मग उचलून गिअरवर नेऊन ठेवला.

“चला,” म्हटलं, “मागचे खोळंबलेत.”