चष्म्याच्या घरात

मी गोटी बोलतेय. खेळायची नव्हे, खायची. जरा जवळ या, कान द्या. कोंडून राहिलेल्याला मोठ्यानं बोलायची सवय राहत नाही. नाक मात्र देऊ नका, माझं वय झालंय.

खरं नाव माझं भारदस्त आहे. प्रोटीनचा गोळा. सूनबाईनं फोनमध्ये बघून तेच म्हटलं होतं. पण म्हातारीनं ताटलीत डोकावून विचारलं, "ह्या गोट्या खेळायच्या की गिळायच्या?" झालं, तेव्हापासून मी गोटी.

माझा जन्म रविवारचा, सकाळचा. गॅस पेटला नाही, कढई तापली नाही, फोडणी तडतडली नाही. एवढ्या गपचूप कुणी जन्माला येतं का? एका परातीत ओट्स, भरडलेलं जवस, त्यावर पीनट बटरचा गोळा, बिया काढलेला खजूर, थोडा मध आणि डब्यातली ती पांढरी पावडर. पावडर जरा जास्त पडली, म्हणून सगळं भुसभुशीत झालं. मग सूनबाईनं आणखी खजूर कोंबला, तर हाताला चिकटायला लागलं. शेवटी तळव्याला तेल लावून तिनं आम्हाला वळलं. सूनबाई शिवणकाम करते, एका दुकानात कपडे आखूड-ढिले करून देते. त्यामुळे तिला सगळं मापात लागतं. एकेक गोटी वळायची आणि दोऱ्याच्या रिळाशेजारी ठेवून बघायची. रिळाहून मोठी झाली की चिमूट काढायची, लहान झाली की चिमूट लावायची. मला दोनदा चिमूट लागली. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. तिथं आम्ही चौदाजणी गारठून टणक झालो.

चौदा का, तर दिवसाला दोन, आठवडाभर. म्हातारीसाठी.

म्हातारी म्हणजे सूनबाईची सासू. न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पायात जोर येईना. राहायला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा परगावी कामाला. चार महिने म्हातारी चार खोल्यांत. तसं तिला दुसरं काही नको होतं. खाली दाराशी एक बाक आहे, तिथं तिची मैत्रीण बसते. ती तळमजल्यावरची, म्हणून ही तिला 'खालची' म्हणते आणि ती हिला 'वरची'. खालचीचे गुडघे गेलेले, तिला वर चढता येत नाही. हिचा पाय असा, हिला खाली उतरता येत नाही. दोघींचं बोलणं खिडकीतून, ओरडून.

"अगं वरचे, मेलीस का?"

"तुला सांगितल्याशिवाय मरेन होय!"

रोज हेच. पण ओरडून किती बोलणार? पोटातलं काही ओरडून सांगता येत नाही. सगळी बिल्डिंग ऐकते.

दर गुरुवारी व्यायामवाल्या बाई यायच्या. बरोबर वजनकाटा आणायच्या. काटा एकोणचाळीसवर. "आजी, अंगात काही नाही, तर पाय कसे पेलतील? चाळीस भरू देत, मग जिना. आणि असंच घटत राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल हं." दवाखाना म्हटल्यावर म्हातारीचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. म्हणून तर सूनबाईनं आम्हाला वळलं.

सोमवारी सकाळी ताटलीत मी आणि माझी एक बहीण. सूनबाई दुकानात जायच्या गडबडीत होती. "आई, दोन्ही खायच्या. मी आल्यावर विचारणार."

"विचार बाई, परीक्षाच घे," म्हातारी म्हणाली.

दार लागलं. म्हातारीनं मला उचललं, हुंगलं आणि चावा घेतला. इथंच सगळं बिघडलं.

तोंडात कवळी. अंग वाळलं तशा हिरड्याही वाळलेल्या, कवळी आधीच सैल झालेली. त्यात मी गारठलेली आणि खजुरानं चिकट. तिचे वरचे दात माझ्यात रुतले. तिनं मला ओढलं, आणि माझ्याबरोबर कवळी बाहेर आली. सगळीच्या सगळी. मी तिच्या हातात, आणि दात माझ्यात.

मला वाटलं, हसेल. एरवी कुणाची फजिती झाली की म्हातारी पोट धरून हसते. एकदा तिनं सूनबाईच्या चपलेत ओला स्पंज ठेवला होता आणि दिवसभर खुदखुदत होती. पण आज खोलीत कुणी नसताना तिनं तोंडावर शाल ओढली. मग कवळी धुऊन बसवली आणि मला लपवायला जागा शोधू लागली. माझ्या अंगावर वरच्या दातांची अख्खी रांग उमटली होती. केराच्या डब्यात टाकावं तर तो सूनबाई रिकामा करते, तिची नजर टाक्याटाक्याला जाणारी. खिडकीतून फेकावं तर खाली खालचीचं डोकं.

शेवटी उशाशी चष्म्याचं घर पडलं होतं. तिनं मला त्यात घातलं. टक्. अंधार.

त्या घराचं काय सांगू! आत निळी मखमल, तिचे केस माझ्या अंगाला चिकटलेले. लांबीला कूस बदलता येते, रुंदीला नाही. बिजागरीशी केसाएवढी फट, तिच्यातून दुपारी चार वाजता उजेडाची एक रेघ यायची आणि जायची. बाकी सगळे आवाज. पलंगाची करकर, वॉकरची टकटक. दारापर्यंत अकरा टकटक, मग थांबणं. कडीला हात लावल्याचा आवाज. मग परत अकरा. दिवसातून तीनदा ती अशी दारापर्यंत जायची आणि परत यायची. मला आतून वाटायचं, आपण दोघी एकाच डबीत आहोत, तिची जरा मोठी एवढंच.

दुपारी कधीकधी घर उघडायची. "काय गं, जिवंत आहेस का?" मला बोटानं टोचून बघायची. "बघ, किती कडक झालीस. मी कशी मऊ झाले बघ." आणि परत टक्.

माझ्या बहिणींचं काय झालं ते कळायला वेळ लागला. म्हातारीनं दुसरी गोटी चावायची हिंमतच केली नाही. सगळ्या पलंगाखालच्या लोकरीच्या पिशवीत. संध्याकाळी सूनबाई विचारायची, "आई, खाल्ल्या?"

"खाल्ल्या तर! ताटली चाटून ठेवलीय, धुवायचीसुद्धा गरज नाही."

खट्याळ म्हणवून घ्यायला तिची ना नव्हती. दात सैल झालेत हे म्हणायला होती. म्हाताऱ्या माणसांचं हे असं असतं बघा. चोर म्हटलं तर हसतील, दुबळं म्हटलं तर रुसतील.

मग एक दिवस ती सूनबाईला म्हणाली, "टेलरबाई, माझ्या गाऊनला दोन खिसे लावून दे. चांगले खोल. एक रुमालाला, एक चष्म्याला."

सूनबाईनं बिचारीनं दुहेरी कापडाचे, कोपरापर्यंत हात जाईल असे खिसे लावले. गुरुवारी म्हातारी त्या गाऊनवर शाल पांघरून काट्यावर उभी राहिली. मी चष्म्याच्या घरात, उजव्या खिशात. आजूबाजूला माझ्या बहिणी, डाव्या खिशातही बहिणी.

"अरे वा आजी! वाढलं की!"

"सुनेच्या हाताला गुण आहे हो," म्हातारी म्हणाली, आणि खिशातून मला चापट मारली.

दर रविवारी चौदा नव्या गोट्या, दर गुरुवारी खिसे जड. त्यातच सूनबाईची मोठी लोखंडी कात्री घरातून गायब व्हायला लागली. फक्त गुरुवारी. "आई, माझी कात्री दिसली का?" "मला डोळ्यापुढचं दिसत नाही, कात्री कुठली दिसणार?" आणि कात्री माझ्या शेजारी, गार पडलेली.

सूनबाईला एक गोष्ट मात्र खटकत होती. एका संध्याकाळी ती म्हातारीचा दुसरा गाऊन मापाला लावत म्हणाली, "आई, वजन वाढतंय आणि मी तुमचा गाऊन पुन्हा बोटभर आत घेतेय. हे कसं?"

"कापड सैल पडलं असेल."

"कापड धुतल्यावर आटतं आई, सैल पडत नाही."

पलंगाखालची पिशवी पायानं आणखी आत सरकल्याचा आवाज आला. मला आतून ओरडावंसं वाटलं, अगं, बोल! हीच वेळ आहे! पण माझ्यावर झाकण, आणि तिच्यावर तिचं.

चौथ्या गुरुवारी काटा चाळीसच्या वर गेला. व्यायामवाल्या बाईंनी टाळी वाजवली. "चला आजी, आजच जिना!"

आता आली का पंचाईत! खिसे रिकामे करायला सवड मिळाली नाही. सूनबाईनं त्या दिवशी अर्धी सुट्टी काढली होती. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाई, मधे म्हातारी आणि म्हातारीच्या दोन्ही बाजूंना आम्ही. खालून आवाज आला, "वरचे, येतेस ना गं?"

"आले, जागा धरून ठेव!"

चार आठवड्यांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. चौथ्या पायरीला मला तिची मांडी थरथरताना लागली. पाचव्या पायरीवर गुडघा वाकला तो वाकलाच. दोघींनी धरलं म्हणून पडली नाही, पण मटकन बसली. ना वर जाता येई, ना खाली.

आणि खिसे उलटे झाले.

ठप. ठप. ठपठपठपठप. माझ्या बहिणी जिन्यावरून उड्या मारत सुटल्या. वळणावर आपटल्या, पुढच्या जिन्यावर गेल्या, थेट तळमजल्यापर्यंत. त्यांच्यामागून कात्री खणखणत एक पायरी उतरली.

"अगं बाई, माझी कात्री!" सूनबाई ओरडली.

खालची खालून ओरडली, "वरचे! काय पडलं गं?"

"मी नाही, माझा खाऊ पडला!"

मग खालून, तोंड भरलेल्या आवाजात, "चांगला लागतोय की!"

व्यायामवाल्या बाई हसू लागल्या. म्हातारीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. सूनबाई हसली नाही. ती सगळ्या गोट्यांकडे बघत होती. तिचे चार रविवार जिन्यावर सांडले होते. "आई," ती म्हणाली, "आवडत नव्हतं तर सांगायचं. मी इतकी वाईट आहे का, की तुम्ही उपाशी राहिलात पण मला बोलला नाहीत?"

म्हातारी काहीतरी चावट बोलणार होती.

तेवढ्यात सूनबाईला पायरीवर चष्म्याचं घर दिसलं. चष्मा तर म्हातारीच्या नाकावर होता. तिनं घर उचललं. टक्.

उजेड! सगळा एकदम! मला काही दिसेना. मग सूनबाईचा चेहरा दिसला. तिनं मला दोन बोटांत धरून फिरवलं. मखमलीचे केस झटकले. दातांच्या रांगेवर अंगठा फिरवला, एखादी शिवण तपासावी तसा. वरचे दात, सगळे, एका ओळीत, आणि खोल. असं कुणी चावत नाही. दात निघून आले की असं होतं.

ती त्याच पायरीवर म्हातारीशेजारी बसली. "कधीपासून सैल आहे कवळी?"

म्हातारी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली. "पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "हातात आली गं माझ्या." मग फार हळू, "तुला वाटलं असतं, म्हातारीचं आता काहीच जागेवर राहिलं नाही."

"आई, माझं दिवसभराचं काम काय? सैल झालेलं नीट बसवणं! आणि मलाच सांगितलं नाहीत?"

मग दोघी मिळून पाच पायऱ्या परत चढल्या. त्याला अर्धा तास लागला. खालची खालून मोजत होती, चुकीचं.

पुढचं थोडक्यात सांगते. दातांच्या डॉक्टरला घरी बोलावलं. सूनबाईनं मला त्याच्या हातात ठेवलं. तो म्हणाला, "ठसा छान आलाय, पण मी वेगळा घेईन." कवळी घट्ट झाली. गोट्याही बदलल्या. आता खजूर रात्रभर भिजतो, ओट्स मिक्सरमधून बारीक होतात आणि गोटी रिळाएवढी नाही, शर्टाच्या बटणाएवढी. म्हातारी स्वतःच बसून वळते. सूनबाई जवळ बसते आणि दोघी एकेक तोंडात टाकतात. मधूनच म्हातारी एखादीत मिरीचा दाणा लपवते. सूनबाई ठसकली की म्हातारी हसून घर डोक्यावर घेते. दोन महिन्यांत काटा रिकाम्या खिशांनी चाळीसच्या वर गेला.

आणि मी? मला कुणी खाल्लं नाही, कुणी टाकलंही नाही. म्हातारीनं हट्टानं मला एका काचेच्या बरणीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय. "खोटं बोलले की ही माझ्याकडे बघते," असं सांगते सगळ्यांना. झाकण घट्ट आहे. अंधारातून काचेत आले, एवढीच माझी बढती. खाण्यासाठी जन्मले आणि राहिले साक्षीला.

तक्रार नाही करत, पण एक सांगते. तुमच्या घरी कुणी ताटली भराभर रिकामी करत असेल ना, तर ताटली बघू नका. समोर बसा. तोंड बघा.

काल दुपारी वॉकरची अकरा टकटक झाली, कडी निघाली आणि परत फिरलेली टकटक आलीच नाही. जिन्यावर कितीतरी वेळ पावलं वाजत राहिली. मी बरणीतून खाली डोळे लावून बसले. मग बाकावर दोन डोकी दिसली, एकमेकींना टेकलेली. ओरडणं नाही. काय बोलत होत्या ते मला एवढ्या उंचावर ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच.

जरा वेळानं म्हातारीनं खिशातून एक गोटी काढली. मान वर करून खिडकी शोधली. मला दाखवत दाखवत गोटी तोंडात टाकली, चावली आणि मग वेडावून दात दाखवले.

सगळे जागेवर होते.