मंगळवारचं काम

तिने क्लिप पुन्हा मागे घेतली, थांबवली आणि पडद्याला नाक टेकेल इतकी पुढे वाकली.

“डोळे फुटतील,” बुटकी मागून म्हणाली. बुटकी म्हणजे तिची खोलीतली जोडीदारीण आणि फिल्मचा आवाज सांभाळणारी. उंचीवरून पडलेलं नाव तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

“हे बघ. या शाफ्टच्या, या दांड्याच्या तोंडावर खाच आहे, शेजारी पिवळा ठिपका. दिसतोय?”

“बरं, मग?”

“ही मागच्या मंगळवारची क्लिप. आणि ही तीन महिन्यांपूर्वीची.”

खाच तीच होती. ठिपकाही तोच. फरक एवढाच, की तीन महिन्यांपूर्वी तो लोखंडी शाफ्ट मनगटाएवढा जाड होता आणि आता अंगठ्याएवढा उरला होता.

बुटकीने हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला. “म्हणजे काका एकच शाफ्ट...”

“थांब जरा.”

तीन वर्षं ती बाबांवर फिल्म करत होती. चाळीस वर्षं एका लेथपुढे उभं राहून लोखंड कातणारा माणूस, एवढीच गोष्ट. आठवड्यातले सहा दिवस ती कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकायची. सुट्टीच्या मंगळवारी कॅमेऱ्याची बॅग पाठीला अडकवून, दोन बस बदलून बाबांच्या वर्कशॉपात जायची. घरी डोकावायलाही वेळ उरत नसे. सगळं जमलं होतं, फक्त शेवट सापडत नव्हता. आणखी थोडे दिवस शूट करू, काहीतरी घडेल, असं म्हणता म्हणता वर्ष उलटलं होतं.

तिने एकेक मंगळवार ओळीने लावला. शाफ्ट बारीक होत गेला. एकाही क्लिपमध्ये दुसरं काम नव्हतं, दारात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा मात्र प्रत्येक वेळी तितकेच मन लावून माप घेत होते. आपली नजर फार बारीक आहे असं ती चारचौघांत सांगायची. इतके महिने ती नजर बाबांच्या गालावरच्या उजेडावर होती.

ड्यूटीला निघायच्या आधी तिने आईला फोन केला.

“आई, बाबा वर्कशॉपात रोज जातात ना गं?”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“मंगळवारी जातात,” आई म्हणाली.

“आणि एरवी?”

“एरवी गुडघे शेकत बसतात. डॉक्टरांनी उभंच राहू नका म्हणून बजावलंय. मशीन विकत घ्यायला गिऱ्हाईकही येऊन गेलं दोनदा. तर म्हणाले, पोरीचं काम होऊ दे आधी.” लगेच ती पुढे म्हणाली, “तू त्यांना काही बोलू नकोस हं. सोमवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवतात.”

मंगळवारी ती पोचली तेव्हा शटर वर होतं. बाबांनी दाढी केली होती. शाफ्ट मशीनच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये आवळलेला होता आणि ते एका पायावर भार देऊन, एक हात मशीनवर टेकवून उभे होते. तिला पाहताच सरळ झाले.

“आज कुठून घेणार? मागच्या मंगळवारी म्हणालीस ना, हात जवळून हवेत?”

“बाबा, बसा जरा.”

“आधी घेऊन टाक. मग उजेड जातो, मग तू चिडतेस.” त्यांनी बटण दाबलं. मशीन घरघरलं. टूल पुढे सरकलं आणि लोखंडाची केसाइतकी बारीक साल सुटून खाली पडली.

तिने बॅग उघडलीच नाही. बसमध्ये तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता कामाचं वाटेना.

“बाबा, झालं माझं,” ती मोठ्याने म्हणाली.

“काय?”

“फिल्म झाली. मागच्या वेळी घेतलं तेच शेवटचं. आता शूट नाही करायचं.”

त्यांनी बटण बंद केलं. चक फिरत फिरत थांबला. चिंधीने एकेक बोट पुसत ते म्हणाले, “शेवट मिळाला तुला?”

“मिळाला.”

“चांगला आहे?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. त्यांचे खांदे खाली येतील, ते हुश्श करतील, मशीनच्या गिऱ्हाईकाला फोन लाव म्हणतील, अशी ती वाट पाहत राहिली. ते चिंधीची घडी घालत होते. घडी झाली, ती त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली.

“मग पुढच्या मंगळवारी तू यायची नाहीस.”

“असं कसं? येईन की.”

“इथे?”

“इथे कशाला? घरी येईन.”

“घरी,” ते म्हणाले. जरा वेळ ते खरोखरच विचार करत राहिले. “घरी काय करायचं गं आपण?”

त्यात तक्रार नव्हती. नवं काम आल्यावर ते कसं बसवायचं हे ते अशाच आवाजात विचारत.

तिने कोपऱ्यातला लाकडी खोका ओढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि बाबांच्या कोपराला धरलं. ते सावकाश, गुडघा हाताने दाबत खाली बसले. ती शेजारी टेकली. समोरच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या नळीतून थेंब थेंब गळत होतं. एकमेकांना सांगावं असं त्यात दोघांनाही काही दिसत नव्हतं.

“तुझं ते ऑफिस,” बाबा म्हणाले, “तिथे बसून तू नेमकं करतेस काय?”

ती सांगायला लागली. मंगळवार अजून बराच शिल्लक होता.