मार्चमध्ये घेतलेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पंचवटीच्या बाजारात भाजी तोलणारा नव्हे, तान्ह्या बाळांचा. माझ्या पत्र्याच्या परातीत कितीतरी बाळं हातपाय झाडून रडली आहेत. त्यांची ऊब अजून आठवते.

माझा जन्म १९७८ साली सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पांढराशुभ्र रंग होता माझा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाशकातल्या एका सरकारी कचेरीने मला घाईघाईने विकत घेतलं. सरकारचं वर्ष एकतीस मार्चला संपतं ना! त्या वर्षासाठी मंजूर झालेले पैसे तोवर खर्च झाले नाहीत, तर परत जातात. मला जायचं होतं पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर, बालवाडीत. पण पैसे मंजूर होते ते खरेदीला. मला तिथवर नेण्याच्या भाड्याला काहीच नव्हतं. मग मी कचेरीच्या कोठीत जाऊन बसलो.

त्या बालवाडीच्या बाई म्हणजे भिमाबाई. दर महिन्याला पगाराला आल्या, की कोठीच्या दारातून माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. पाड्यावरची कला नावाची दीड वर्षाची मुलगी सुकत चालली होती. अशा मुलांना जादा दूधपावडर मिळायची, पण कमी वजनाचा आकडा कार्डावर असेल तरच. आणि वजन करायला काटाच नव्हता.

"भाऊसाहेब, तो काय काटा समोर दिसतोय," भिमाबाई म्हणायच्या.

"दिसतोय हो. भाड्याची मंजुरी दिसत नाही," कारकून धोंडीराम म्हणायचे.

एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. जुलैत मात्र भिमाबाई दारातून हलेचनात.

"मी नेते एस.टी.तून."

"आणि भाड्याचं बिल?"

"मला नकोय बिल."

"अहो बाई, बिलाशिवाय खर्च दाखवायचा कसा?"

"दाखवूच नका. त्या पोरीला आधी तोलू द्या, मग मला काय तोलायचं ते तोला!"

धोंडीराम हसले. कागदावर त्यांनी लिहिलं, 'वाहतूक खर्च निरंक', आणि सही घेऊन मला देऊन टाकलं. तीनच शब्द. ते एप्रिलमध्येही लिहिता आले असते.

गोधडीत गुंडाळून भिमाबाईंनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "बाळ लय जड दिसतंय, बाई!"

"सरकारनं सांभाळलंय ना," भिमाबाई म्हणाल्या, आणि अख्खी गाडी हसली.

पाड्यावर ठमाबाईने, कलाच्या आईने, तिला माझ्यात ठेवलं खरं, पण एक हात पाठीखालीच.

"हात काढ गं."

"पडल ना बाई!"

"नाही पडत. मी आहे ना इथं."

हात निघाला. साडेपाच किलो. दीड वर्षाची मुलगी! भिमाबाईंनी आकडा कार्डावर लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

दूध सुरू झालं. दिवाळीपर्यंत कला सात किलोंची झाली. त्या दिवशी ठमाबाईने माझी दांडी आपल्या पदराने पुसली. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं. पुढची आठ वर्षं दर महिन्याला माझ्यासमोर आयांची रांग लागायची, आणि प्रत्येकीचा हात तसाच पाठीखाली अडून राहायचा. किती सुखाचे दिवस होते ते! मग टांगायचा नवा काटा आला. मी कोपऱ्यात गेलो, गंजलो. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. एप्रिल ते जुलै कला किती घटली, हे मला सांगता येत नाही. तेव्हा मी नाशकात होतो, कुलपात, नवाकोरा.

मित्रांनो, सरकारच्या पैशाने आणलेली एखादी वस्तू तुमच्या शाळेत, दवाखान्यात नुसती पडून दिसली, तर ती कुणासाठी आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा जाऊन विचारा. मंजुरी काय, पुढच्या वर्षीही येते. लहान मूल तोवर थांबत नाही.