काटा नाचलाच नाही

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे; पण किराण्याच्या दुकानातला नव्हे बरं का! मी बाळांच्या दवाखान्यातला. पोटात स्प्रिंग, समोर गोल तबकडी आणि डोक्यावर पत्र्याचं पसरट ताट. कारखान्यात कारागिराने माझ्यावर माप ठेवलं, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." आजवर मी त्याचा शब्द खाली पडू दिलेला नाही.

माझ्या ताटात हजारो बाळं निजली. निजली कसली, नुसता थयथयाट! पत्रा गार लागला की ती भोकाड पसरायची, लाथा झाडायची आणि माझा काटा वेड्यासारखा नाचायचा. सिस्टर वाकून विनवायच्या, "अरे राजा, वजन वाचू तरी दे!"

मग आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं. बाळ कितीही हललं तरी ते एक आकडा पकडून मोकळं व्हायचं. माझी रवानगी कपाटावर झाली. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण माझं काम मला येत होतं, म्हणून मी खचलो नाही.

एका सकाळी त्या यंत्राची बॅटरी संपली. सिस्टरनी मला खाली उतरवलं, धूळ पुसली, काटा शून्यावर आणला. पहिलीच आली दीड महिन्याची एक मुलगी. सोबत तिची आई आणि आत्या. सर्दी-खोकल्याची ही तिसरी खेप होती.

"खोकला सोडला तर आमची भाची भारी गुणी हो!" आत्या कौतुकाने सांगत होती. "रडणं नाही, की हट्ट नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं."

"पण ही बरी का होत नाही?" आईने विचारलं.

मुलीला माझ्यावर ठेवलं. काटा चार किलोवर गेला आणि तिथेच उभा राहिला. "बघा, वजनही छान!" आत्या म्हणाली. खरं सांगतो, मीही छाती फुगवली.

सिस्टर मात्र लिहीनात. त्यांनी गार पत्र्यावर हात ठेवला, मग बाळाकडे पाहिलं. "काटा लगेच थांबला," त्या पुटपुटल्या. "वीस वर्षांत हा असा कधी थांबला नाही." त्यांनी तडक डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाईंनी बाळाचा चेहरा, जीभ, थंडगार पावलं तपासली. "वजन आहे, पण त्यात सूज आहे. जन्मल्यावर टाचेतलं रक्त तपासलं होतं?"

आत्याचा चेहरा उतरला. "मीच नको म्हटलं. इतकं शांत बाळ, कशाला टोचायचं!"

रक्त तपासलं, आणि बाईंची शंका खरी निघाली. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रस फार कमी पडत होता. "त्याच्याशिवाय बाळ सुस्त पडतं, मेंदूची वाढ मंदावते," बाईंनी समजावलं. "छातीच्या हाडामागे थायमस म्हणून एक ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे शाळेतल्या मुलांसारख्या शिकून तयार होतात. हा रस कमी पडला की ती शाळाही रेंगाळते, असं प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलंय. माणसांबद्दल अजून सगळं कळलेलं नाही, पण हिच्या सततच्या खोकल्यामागे तेही असू शकेल. गोळी कुटून चमचाभर पाण्यात रोज द्यायची. टाचेतल्या थेंबात हे जन्मतःच कळलं असतं; उशीर झालाय, आता एक दिवसही चुकवायचा नाही."

आत्याने ते काम आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी, न चुकता.

दोन महिन्यांनी त्या तिघी परत आल्या. नवं यंत्र तयार होतं, तरी सिस्टरनी मुद्दाम मलाच पुढे ओढलं. मुलीची पाठ पत्र्याला लागली मात्र, तिने असा टाहो फोडला की बाहेर बसलेले लोक दारातून डोकावले! काटा पाचवर, सहावर, परत पाचवर. वजन कुणालाच वाचता येईना. आई हसत होती. आत्या डोळ्यांना पदर लावून म्हणत होती, "रड गं बाई, खुशाल रड! गुणी माझी ती!"

मित्रांनो, माझा आकडा खरा होता, पण त्या दिवशी आकड्याने काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते माझ्या गप्प बसण्याने. म्हणून बाळ जन्मलं की त्याच्या टाचेतला तो एक थेंब तपासून घ्या. शांत बाळाचं कौतुक त्यानंतर पोटभर करा. मला पुन्हा कपाटावर ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त माझा काटा कधी पहिल्याच झटक्यात थांबला, तर वजन लिहिण्याआधी बाळाकडे एकदा नीट बघा.