आत दाबलेले दोन

टेलर मास्तरांना शिवण जमत होती. कापायचं म्हटलं की छातीत धडधड. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही, ही गोष्ट चाळीस वर्षं त्यांना खटकली नव्हती. पाच महिन्यांपूर्वी अचानक खटकली, आणि कात्री फडक्यात गुंडाळली गेली.

घरच्यांनी त्यांना अशा दवाखान्यात नेलं, जिथे नुसतं मन बघत नाहीत, अख्खा माणूस बघतात. डॉक्टर गोळ्या बघत, समुपदेशक बाई बोलतं करत, आहारवाली चहाचे कप मोजी, व्यायामवाला श्वास सोडायला शिकवी. दर शुक्रवारी मास्तरांना मध्ये बसवून सगळे विचारविनिमय करत. एवढी माणसं धाकटीचं लग्न ठरवतानाही जमली नव्हती.

"दहापैकी किती बरं वाटतंय?" हा ठरलेला प्रश्न.

"पाच." हे ठरलेलं उत्तर.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर वैतागले. "झोप सुधारली, चालणं वाढलं, जेवता नीट. तरी पाचच? गोळी वाढवू. आणि कात्रीला अजून दोन महिने हात नाही लावायचा."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांना येत्या सोमवारीच कापून बघायचं होतं. पण डॉक्टरांपुढे बोलायचं कसं?

त्या दिवशी त्यांची बायकोही आली होती. अख्ख्या माणसात ती मोडते, असं बाईंचं मत.

"अहो डॉक्टर, हे हल्ली अंघोळ करताना शीळ घालतात," ती म्हणाली. "पाचवाला माणूस शीळ घालतो होय?"

"मास्तर, खरं सांगा, किती?" बाईंनी विचारलं.

"सात."

"मग पाच का सांगता?"

"दोन आत दाबून ठेवतो. अगदी अंगाबरोबर कोणी शिवतं का? पुढं लागलं तर उसवता येतं."

डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या आलेखाकडे बघितलं. "अहो, आधी नाही का सांगायचं!"

"तुम्ही माप विचारलंत, मी दिलं."

"माझ्याशीही चाळीस वर्षं असंच चाललंय," बायको म्हणाली. "भाजी 'बरी' म्हणाले की समजायचं, झक्क झालीय."

गोळी होती तेवढीच राहिली, कात्रीवरची बंदीही उठली. सोमवारी बाई दुकानात येऊन बसल्या. मास्तरांनी उशीच्या अभ्र्याचं कापड पसरलं, खडूनं रेघ मारली, कात्री उचलली. धडधड झालीच. त्यांनी लांब श्वास सोडला आणि कापलं.

कात्री रेघ सोडून बोटभर बाहेर गेली.

"अरेरे, गेलं का हो?" बाईच घाबरल्या.

"उशीला काय कळतंय," मास्तर म्हणाले आणि दुसरं कापड ओढलं.